सा आणि सम: गाणं शिकू लागणाऱ्यांनी आधी काय पक्कं करावं

प्रश्न असा आहे: हिंदुस्थानी संगीताचे मूलभूत घटक कोणते, ते कोणत्या क्रमाने शिकावेत, आणि घरी पेटी असेल तर तिच्यावर सरगम बसवण्यापासून सुरुवात केली तर चालेल का?

शेवटच्या भागाचं उत्तर आधी देऊन टाकू. पेटीपासून सुरुवात करू नका, तानपुऱ्यापासून करा. प्रत्यक्ष तानपुरा नसेल तर मोबाइलवरचा चालेल. कारण पुढे येईलच.

नाद, स्वर, श्रुती, सप्तक, अलंकार, लय, मात्रा, ताल, थाट, राग ही यादी परीक्षेच्या कुठल्याही पुस्तकात पहिल्या काही पानांत मिळते आणि व्याख्या आठवड्याभरात पाठ होतात. पण पाठ केलेल्या व्याख्येने कान तयार होत नाही. या यादीतल्या दोन गोष्टींवर बाकीच्या सगळ्या उभ्या आहेत: सा, म्हणजे षड्ज हा पहिला स्वर, आणि सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा (ठोका). प्रत्येक स्वर षड्जापासून मोजायचा आणि प्रत्येक मात्रा समेपासून. गाताना सा सतत कानात आहे आणि सम किती दूर आहे हे सतत ठाऊक आहे, अशा विद्यार्थ्याला पुढचं सगळं शिकवता येतं. या दोन जागा डळमळीत असतील तर वर्षभरात चार राग ‘झाले’ तरी एकही हाती लागत नाही.

स्वर म्हणजे नातं

समजा एक नाद दर सेकंदाला २७० कंपनांचा आहे. हा कोणता स्वर? नुसत्या या आकड्यावरून सांगता येणार नाही. सा २४० वर धरला तर तो शुद्ध रिषभ. सा २१६ वर धरला तर तोच नाद शुद्ध गांधार, आणि सा १८० वर धरला तर पंचम. नाद तसाच राहिला, षड्ज हलला आणि नाव बदललं. म्हणून तानपुरा न लावता ‘सारेगमप’ म्हणत बसणं हा सराव जवळजवळ वाया जातो. मोजायला सुरुवात कुठून केली हेच दर ओळीला थोडं सरकत राहतं आणि गाणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही.

तेव्हा पहिलं काम, स्वतःचा सा ठरवणं. पेटीच्या पट्ट्यांच्या भाषेत बोलायचं तर पुरुषांचा सा बहुधा पांढरी एक ते काळी दोनच्या आसपास असतो आणि स्त्रियांचा काळी चार ते काळी पाचच्या आसपास. हा फक्त अंदाज आहे, खरं मोजमाप गळ्यानेच करायचं. तानपुरा एका पट्टीवर लावा, म्हणजे त्या पट्टीचा स्वर सा धरून. मध्य (मधल्या सप्तकातल्या) सा पासून खाली नी, ध, प असे उतरा. मंद्र (खालच्या सप्तकातल्या) पंचमावर आवाज विरून नुसती हवा येत असेल तर पट्टी अर्ध्या स्वराने वर घ्या. मग वर चढा. तार (वरच्या सप्तकातले) सा, रे, ग म्हणताना हनुवटी वर जात असेल, मान ताठत असेल किंवा आवाज फाटत असेल तर पट्टी खाली आणा. दोन्ही टोकं बेताने निभतात ती पट्टी तुमची. सकाळी उठल्या उठल्या आवाज खाली असतो, त्यामुळे ही परीक्षा संध्याकाळीसुद्धा करून पाहा. एकदा ठरली की काही महिने पट्टी बदलू नका. वयात येणाऱ्या मुलांचा गळा फुटतो तेव्हा मात्र ती पुन्हा पुन्हा तपासावी लागते.

तानपुऱ्याच्या चार तारा साधारणपणे प, सा, सा आणि मंद्र सा अशा लावतात. ज्या रागात पंचम नाही तिथे पहिली तार बदलते: मालकंसात मध्यम, मारव्यात बहुधा निषाद. सुरुवातीला पंचमाचाच ठेवा. मोबाइलवर वाजवत असाल तर एक अडचण लक्षात घ्या. काळी एकच्या पुरुषी पट्टीत खर्जाची (मंद्र सा ची) तार सुमारे ६९ हर्ट्झवर असते आणि मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरमधून तो नाद जवळजवळ येतच नाही. बाहेरचा स्पीकर जोडा, किंवा इअरफोन एकाच कानात घाला म्हणजे दुसऱ्या कानाला स्वतःचा आवाज ऐकू येईल. तानपुऱ्याचा आवाज आपल्या गळ्याच्या वर जाऊ देऊ नका, नाहीतर चूक झाकली जाते.

आता नुसता सा, आकारात, म्हणजे ‘आ’ उच्चारून. १० ते १२ सेकंद टिकवायचा. इथे तीन ठरलेल्या चुका होतात. पहिली, स्वराला खालून घसरत भिडणं. यावर उपाय म्हणजे तोंड उघडण्याआधी स्वर मनात ऐकणं. दुसरी, श्वास संपत आला की स्वर उतरणं. श्वास संपायच्या आधीच थांबा. ८ सेकंदांचा स्थिर सा हा १५ सेकंदांच्या उतरत्या सा पेक्षा कितीतरी चांगला. तिसरी चूक, चढताना आवाज मोठा करणं. नादाची उच्चनीचता वेगळी आणि लहानमोठेपणा वेगळा, हे पुस्तकात वाचलेलं असतं, पण गळा दोन्ही एकत्रच वाढवतो. तार सा मध्य सा इतक्याच आवाजात लावायचा प्रयत्न करा, म्हणजे हा फरक गळ्यालाही कळेल. नादाचा तिसरा गुण म्हणजे जाती. एकाच पट्टीतला सा बासरीवर आणि सतारीवर वेगळा ओळखू येतो तो त्यामुळे. जातीवर नवशिक्याने मुद्दाम मेहनत घेण्याची गरज नाही. कुणा आवडत्या गायकाचा आवाज काढायचा प्रयत्न तर अजिबात नको, त्यात गळा आवळला जातो.

सा जुळला हे ओळखायचं कसं? दोन नाद जवळजवळ सारखे पण पूर्ण एक नसतात तेव्हा आवाजात लाट येते. तानपुरा २४० वर आणि तुम्ही २४२ वर असाल तर सेकंदाला २ लाटा. स्वर जवळ नेत गेलात की लाट संथ होते आणि जुळला की थांबते. तानपुरा लावणारेही याच खुणेवर तार मिळवतात. पहिले काही दिवस ही लाट ऐकू येत नाही, तरी रोज १० मिनिटं कान तिथे लावून ठेवा. ती ऐकू येऊ लागली की बेसूर म्हणजे काय हे कोणी सांगावं लागत नाही.

बारा स्वर, आणि पेटीची मर्यादा

सात स्वर: षड्ज, रिषभ, गांधार, मध्यम, पंचम, धैवत, निषाद. षड्ज आणि पंचम अचल. रे, ग, ध, नी हे खाली सरकले की कोमल होतात आणि मध्यम वर सरकला की तीव्र. असे एकूण १२. भरताच्या नाट्यशास्त्रात सप्तकाच्या २२ श्रुती सांगितल्या आहेत, सा पासून नी पर्यंत ४, ३, २, ४, ४, ३, २ अशा वाटणीने. त्यावर विद्वानांचे वाद आजही चालू आहेत, पण शिकाऊ गळ्याने त्यात शिरू नये.

त्याऐवजी ही गुणोत्तरं समजून घ्या, कारण त्यांचा रोजच्या सरावाशी थेट संबंध आहे. सा २४० धरला तर तार सा ४८०, म्हणजे दुप्पट. पंचम ३६०, म्हणजे दीडपट. शुद्ध मध्यम ३२० आणि शुद्ध गांधार ३००, म्हणजे सव्वापट. गुणोत्तर जितकं साधं तितका स्वर कानाला लवकर पटतो. म्हणून सरावाचा क्रम सा, तार सा, पंचम, मग गांधार असा ठेवा, रिषभ नंतर. गांधाराला एक आयती मदतही आहे. चांगली जवारी (तारेचा झणकार) असलेल्या तानपुऱ्यात खर्जाच्या तारेतून शुद्ध गांधार हलकेच ऐकू येतो, कारण त्या तारेचं पाचपट कंपन तिथेच पडतं. तो ऐकायचा आणि त्यात आपला आवाज मिसळायचा.

आता पेटीबद्दल. पेटीत सप्तकाचे १२ सारखे भाग केलेले असतात. त्यामुळे कुठल्याही पट्टीतून वाजवता येतं, पण जवळजवळ प्रत्येक स्वर नैसर्गिक जागेपासून थोडा हलतो. वरच्याच हिशोबात पेटीचा पंचम ३५९.६ वर येतो, हा फरक कळणारही नाही. गांधार मात्र ३०२.४ वर, आणि शुद्ध धैवत ४०० ऐवजी ४०३.६ वर. म्हणजे पेटीच्या मागे मागे गाणाऱ्याचे ग आणि ध कायम चढे राहतात आणि तानपुऱ्याशी भांडतात. त्याहून मोठं नुकसान वेगळंच आहे. पट्टी दाबली की स्वर आयता मिळतो, त्यामुळे तो शोधायची सवय कानाला लागत नाही. पेटी घरात असू द्या. तिचा उपयोग पडताळणीपुरता: आधी तानपुऱ्यावर स्वर लावा, मग पट्टी दाबून आपण चुकून भलत्याच स्वरावर तर नाही ना हे पाहा आणि लगेच पट्टी सोडा. साथीला पेटी नंतर आहेच, तिथे ती उत्तम शोभते.

लिहिलेलं वाचताना एवढं पाहा की पुस्तक कोणत्या लिपीत आहे. भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र स्वराखाली बिंदू आणि तार स्वरावर बिंदू असतो. पलुस्कर पद्धतीच्या खुणा वेगळ्या आहेत. दोन्हींची सरमिसळ झाली की मंद्र-कोमलाचे घोळ होतात.

पलटे, पण तालात

सा, प आणि ग ठीक लागू लागले की पलटे, म्हणजे स्वरांचे ठराविक क्रमाने चढते-उतरते गट, घ्या. तीन-तीन स्वरांचा हा पहिला:

सारेग, रेगम, गमप, मपध, पधनी, धनीसां
सांनीध, नीधप, धपम, पमग, मगरे, गरेसा

उतरताना सगळे स्वर किंचित खाली येतात आणि शेवटचा सा तानपुऱ्याच्या खाली जाऊन पडतो. हा दोष इतका सार्वत्रिक आहे की तो आपल्यात आहे असं धरूनच चाला. प्रत्येक अवरोहानंतर सा थांबवून लाट ऐका. पलटा सरगमने बरोबर आला की लगेच आकाराने म्हणा. सरगमने जमतं आणि आकाराने चुकतं, याचा अर्थ पलटा जिभेला पाठ झाला आहे, कानाला नाही.

पलटे बिनमात्रेचे म्हणू नका. वरच्या पलट्याच्या आरोहात १८ स्वर आणि अवरोहात १८. एका मात्रेला एक स्वर म्हटला तर दादरा तालाच्या ६ मात्रांत आरोह ३ आवर्तनांत (तालाच्या पूर्ण फेऱ्यांत) आणि अवरोह ३ आवर्तनांत बसतो, पुढची फेरी बरोबर समेवर. चार-चार स्वरांचा पलटा (सारेगम, रेगमप, गमपध, मपधनी, पधनीसां आणि परत) ४० मात्रांचा होतो. केरवा या ८ मात्रांच्या तालात तो ५ आवर्तनांत बसतो. १६ मात्रांच्या त्रितालात मात्र अडीच आवर्तनं होतात, म्हणजे दुसरी फेरी खालीपासून (टाळी न देता दाखवतात त्या मात्रेपासून) सुरू होते आणि समेवर यायला पलटा दोनदा म्हणावा लागतो. हा हिशोब मुद्दाम अनुभवून पाहा. खाली आणि सम यांचं वजन वेगळं कसं लागतं, हे या एका पलट्याने जितकं कळतं तितकं तालाच्या व्याख्येने कळत नाही.

लय आणि ताल

लय म्हणजे दोन मात्रांमधलं सारखं अंतर. विलंबित (संथ), मध्य आणि द्रुत (जलद) हे तिचे ढोबळ प्रकार. ताल म्हणजे त्या मात्रांची ठराविक रचना, पुन्हा पुन्हा फिरून येणारी. लय नीट नसेल तर ताल पाठ असून उपयोग नाही.

मेट्रोनोम मिनिटाला ६० वर लावा. प्रत्येक ठोक्याला हाताने टाळी द्या आणि तोंडाने आधी एक अक्षर, मग दोन, मग चार, मग तीन म्हणा. तीन शेवटी, कारण दोन-चारची सवय झालेल्या तोंडाला तिगुण अवघड जाते: तिसरं अक्षर हमखास लांबतं. हात मात्र एकाच लयीत राहिला पाहिजे. तोंडाबरोबर हात पळू लागला की थांबा आणि पुन्हा सुरू करा. हे जमलं की मेट्रोनोम ३० वर आणा पण टाळी पूर्वीच्याच लयीत द्या, म्हणजे एक सोडून एक टाळी तुमच्या भरवशावर राहील. लय कुठे बिघडते ते लगेच उघडं पडतं: सोप्या जागी धावते, अवघड जागी रेंगाळते.

पहिला ताल त्रिताल. १६ मात्रा, चार-चारचे ४ विभाग. टाळ्या १, ५ आणि १३ वर, खाली (काही जण काल म्हणतात) ९ वर. मात्रा १ म्हणजे सम.

धा धिं धिं धा | धा धिं धिं धा | धा तिं तिं ता | ता धिं धिं धा

हा ठेका (तालाचे ठरलेले बोल) तबल्यावर ऐकताना एक गोष्ट कानाने टिपा. हातावर खाली ९ व्या मात्रेला दाखवतात, पण बोल पाहिलेत तर ९ वर अजून ‘धा’ आहे. डग्ग्याचा (जोडीतल्या खर्जाच्या तबल्याचा) घुमारा जातो तो १० व्या मात्रेपासून आणि परत येतो १४ व्या मात्रेला. नुसत्या कानाने मोजणारे विद्यार्थी डग्गा बंद झाला की तिथेच खाली समजतात आणि एका मात्रेने मागे पडतात. मध्यलयीतल्या अनेक बंदिशी (रागात बांधलेल्या रचना) ९ व्या मात्रेपासून उठतात. तिथे ही एक मात्रा चुकली की मुखडा (बंदिशीची सुरुवातीची ओळ) समेच्या पुढे जाऊन आदळतो.

त्यामुळे ठेका आधी तोंडाने म्हणायचा, हातावर टाळी-खाली दाखवत. न अडखळता २० आवर्तनं आली की दुगुण, म्हणजे एका मात्रेत दोन बोल. नंतर झपताल घ्या: १० मात्रा, विभाग २, ३, २, ३.

धी ना | धी धी ना | ती ना | धी धी ना

रूपक त्यानंतर. तो ७ मात्रांचा (३, २, २), आणि त्याची समच खाली असते. त्रिताल पुरता अंगात न मुरता रूपक घेतला तर समेची ओळख गोंधळते. एकतालातला विलंबित ख्याल अजून लांब ठेवा. तिथे एक आवर्तन अर्ध्या मिनिटाहूनही मोठं होतं आणि आतली लय स्वतःच मोजत राहावी लागते.

रागाकडे

राग म्हणजे स्वरांचा संच एवढंच डोक्यात ठेवलं तर भूप आणि देशकार एकच ठरतील. दोन्हींत सा, रे, ग, प, ध हेच पाच शुद्ध स्वर, दोन्ही औडव, म्हणजे पाच स्वरांच्या जातीचे. भूपाचा वादी (सर्वांत प्रमुख स्वर) गांधार, संवादी (त्याखालचा प्रमुख स्वर) धैवत. देशकारात बरोबर उलट. भूप पूर्वांगात (सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात), मंद्र-मध्यात रमतो: ग रे सा ध़ सा रे ग, प ग, ध प ग रे सा. देशकार वरच्या अंगाने चालतो: सां ध प, ग प ध प, ग रे सा, त्यात धैवतावर वजन असतं आणि रिषभ दुबळा. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, देशकार सकाळचा. मारवा, पूरिया आणि सोहनी यांचेही स्वर असेच सारखे: कोमल रिषभ, तीव्र मध्यम, पंचम वर्ज्य. कोणत्या स्वरावर थांबायचं, कुठून वळायचं, कोणत्या सप्तकात जास्त राहायचं, यावर राग ठरतो.

पहिला राग भूप घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. पाचच स्वर, सगळे शुद्ध, आणि गांधार तर तानपुराच दाखवतो. मात्र मध्यम आणि निषाद वर्ज्य असल्यामुळे ग वरून प आणि ध वरून सां अशा उड्या येतात. तिथे मधला स्वर चाटून जायचा मोह होतो. सुरुवातीला दोन स्वरांत क्षणभर थांबून नेमका पुढचाच स्वर लावा. मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग सरकणं) नंतर शिका. त्यानंतर यमन, तीव्र मध्यमाच्या ओळखीसाठी. इथे हमखास होणारी चूक म्हणजे तीव्र मध्यम पुरेसा वर न जाणं. गळ्याला शुद्ध मध्यमाची सवय असते आणि स्वर मधेच कुठेतरी लटकतो. पंचम लावा, मग अगदी थोडं खाली येऊन तीव्र मध्यम, पुन्हा पंचम. खालून चढण्यापेक्षा वरून उतरून तो लवकर सापडतो.

थाटांना फार वेळ देऊ नका. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी रागांच्या वर्गवारीसाठी १० थाट मांडले आणि ती मांडणी सोयीची आहे, पण थाट गायचा नसतो. मुरक्या, खटके, गमक असे स्वर हलवण्याचे, सजवण्याचे प्रकारही आत्ता नकोत. स्थिर स्वर लागत नसताना मुरकी घेतली की तिच्या आड बेसूरपणा लपतो, आणि तसा लपलेला दोष काढायला पुढे फार त्रास होतो. दरबारी रागाचा आंदोलित (हळू झुलणारा) कोमल गांधार तर पेटीवर काढताच येत नाही. तो गुरूसमोर बसून, ऐकूनच घ्यावा लागतो.

रोज ४० मिनिटं मिळत असतील तर १० मिनिटं सा, १५ मिनिटं पलटे, १० मिनिटं ठेका हातावर, आणि उरलेल्या ५ मिनिटांत आजच्या एका पलट्याचं तानपुऱ्यासकट रेकॉर्डिंग करून ऐकायचं. गाताना न कळलेला उतरता सा ऐकताना स्पष्ट कळतो. आठवड्यातून एकदाच तीन तास बसण्यापेक्षा रोजची ४० मिनिटं जास्त कामाची. घसा दुखू लागला तर त्याच क्षणी थांबा, ‘तापवून’ मोकळा होईल म्हणून पुढे रेटू नका. आवाज दोन-तीन आठवडे बसलेलाच राहिला तर रियाज बंद ठेवून कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. पहिल्या तीन महिन्यांत बंदिश आली नाही तरी चालेल. तानपुरा बंद करून मिनिटभराने पुन्हा लावल्यावर तुमचा सा तिथेच सापडतो का, आणि त्रिताल चालू असताना मध्येच कोणी थांबवून विचारलं तर मात्रा सांगता येते का, या दोन कसोट्या मात्र दर आठवड्याला घेत राहा.